बिनमेणाची

मेण मीच पाजलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी लंबूकाकांना बोल लावायला नको. हात माझे, भांडं माझं, शेगडी माझी. बाकी सगळ्यांना मेण पाज पण हिला पाजू नकोस, असं ज्या माणसाने मला तीस वर्षं बजावलं तो माणूस माझा बाप, आणि तो जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. अडवायला कोणी नव्हतं.

ही म्हणजे बाबांनी केलेली पहिली विजेची गिटार. आमच्या कारखान्यात तिचं नाव बिनमेणाची. कारखाना म्हणजे काय, तर खाली एक लांबट खोली, दोन बाकं, एक करवत आणि मी. वर स्वयंपाकघर आणि झोपायच्या दोन खोल्या.

मेणाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विजेच्या गिटारच्या पोटात, तारांच्या बरोबर खाली, एक कॉइल असते. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार सात-आठ हजार वेढे गुंडाळायची. वर गिटारची तार थरथरली की कॉइलला ते कळतं, आणि स्पीकर बोलतो. पण वेढे सैल असले तर कॉइल सगळंच ऐकायला लागते. कोणी टिचकी मारली, कोणी खोकलं, कोणी शेजारी उभं राहून चहाड्या केल्या, सगळं स्पीकरमधून बाहेर. आवाज फार वाढवला तर स्पीकरचं बोलणंही तीच ऐकते आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. म्हणून मेण वितळवायचं आणि कॉइल त्यात बुडवायची. वेढ्यांमधली हवा बुडबुडे होऊन वर येते. बुडबुडे थांबले की कॉइल झाली. बाबा म्हणायचे, "तिला काय बोलायचंय ते बोलून घेऊ दे, मग काढ. पुन्हा बोलायची नाही ती." ही त्यांची ठरलेली थट्टा. मी हजारदा ऐकली आणि हजारदा नाक मुरडलं.

बाबा मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. लंबूकाका तेव्हा एका हॉटेलच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचे. अंगाने काठी, उंचीने शिडी. ढोल आणि कर्ण्यांपुढे त्यांची गिटार कुणाला ऐकूच जायची नाही. एकदा दुकानात येऊन म्हणाले, "दादा, मी वाजवतो की नुसते हात हलवतो, हे माझ्या आईलासुद्धा कळत नाही." बाबांनी त्यांच्या पोकळ गिटारला कॉइल लावून पाहिली, तर तिचा पेटाराच घुमायला लागला. मग बाबांनी ठरवलं की पेटाराच नको. आमच्या मागच्या दाराचा जुना पल्ला पडून होता, त्याची फळी कापली, तिला दांडा जोडला आणि तारा चढवल्या. बघायला येणारा जो तो हसून गेला. दाराला तारा लावल्यात म्हणे, आता कडी वाजवून सूर काढणार! तेव्हापासून बाबांचं नाव फळीवाला पडलं ते पडलंच.

त्या फळीची कॉइल गुंडाळली आईने. तिच्या शिवणयंत्राच्या चाकाला बाबांनी कॉइल जोडली होती. यंत्र चालवायला पाय तिचा, तार सोडायला बोटं तिची. दर शंभर वेढ्यांना ती भिंतीवर खडूने रेघ मारायची. बाबांनी स्वतः तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तार तोडली. आईने एकदाच केली आणि एका बैठकीत पुरी केली. हे कुठल्या लेखात येत नाही, म्हणून इथे सांगते.

मेण पाजायच्या वेळी भांडं कलंडलं आणि उकळतं मेण आईच्या डाव्या मनगटावर सांडलं. बाबा तिच्या हातावर पाणी ओतत बसले. मेण राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी कॉइल तशीच फळीत बसवली, लंबूकाका आले, शेजारचे चार रिकामटेकडे आले. बाबांनी खटका दाबला. सगळे श्वास रोखून उभे. तेवढ्यात आई जिना उतरून आली, बाकावर वाकली आणि म्हणाली, "अहो, जेवायला चला. गार होतंय."

आणि स्पीकरमधून सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, जेवायला चला, गार होतंय!

जगातली ती पहिली होती की पाचवी, मला ठाऊक नाही. आमच्या गल्लीतली पहिली होती. लंबूकाका आजही सांगतात की त्या गिटारवर पहिला सूर त्यांनी नाही, वहिनींनी लावला.

पुढे फळी चालली. लंबूकाकांचं नाव झालं, त्यांच्यामागे आणखी वाजवणारे आले, आणि बाबांनी तीन-चारशे गिटारी केल्या असतील, सगळ्या मेण पाजून. मग मोठे कारखाने आले. त्यांनी फळीचा आकार उचलला, कॉइलची जागा उचलली, दांड्याचे चार स्क्रूसुद्धा उचलले. कानामागून आले आणि तिखट झाले. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. "वाजतायत ना?" एवढंच विचारायचे. मला मात्र वाटायचं आणि अजून वाटतं. दुकानाच्या काचेआड कुठल्याही भलत्या नावाची गिटार लटकलेली दिसली की माझं डोकं फिरतं. ती काचेतली फळी आमच्या मागच्या दाराची नात आहे, हे त्या दुकानदाराला ओरडून सांगावंसं वाटतं.

साठी उलटल्यावर बाबांचे कान गेले. चाळीस वर्षं स्पीकरला खेटून गिटारी तपासल्या, दुसरं काय होणार? उजवा पार गेला, डाव्याला मोठा जाडा आवाज तेवढा कळायचा. शेजारीपाजारी हळहळायचे, की पाहा, साऱ्या दुनियेला ऐकवलं आणि स्वतः बहिरा झाला. या वाक्याचा मला भयंकर राग. माणसाचे कान गेलेत आणि यांना सुविचार सुचतायत. कानात घालायचं यंत्र बाबांनी दोन दिवस वापरलं आणि खणात टाकलं. "त्यात भांडीसुद्धा भांडतात," म्हणाले.

आई वरून हाका मारून दमायची. जिना उतरायला तिचे गुडघे कुरकुर करायचे. तेव्हा बाबांनी बिनमेणाची उचलली, स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला लटकवली, फरशीला भोक पाडून वायर खाली आणली आणि आपल्या स्टुलामागच्या पेटीला जोडली. पेटी म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकत्र. पाठ त्या पेटीला टेकवून ते काम करायचे. रोज दुपारी एक वाजता आई वर गिटारपाशी तोंड नेऊन म्हणायची, "अहो, जेवायला चला. गार होतंय." खाली पेटी बोलायची, बोलणं संपलं तरी तारा क्षणभर घुमत राहायच्या, आणि बाबांच्या पाठीला ते कळायचं. डावा कान थोडं ऐकायचा, बाकीचं पाठ ऐकायची. ते हातातलं काम ठेवून उठायचे. एकदाही त्यांनी दुसरी हाक मारायला लावली नाही.

मी म्हटलं, "बाबा, साधा माइक लावून देते ना."

"माइक कशाला? ही ऐकते ना. हिला तुझ्या आईची बोटं माहितीयत."

मीही त्याच खोलीत, समोरच्या बाकावर असायचे. 'चला' बाबांसाठी होतं. मला आई 'चल' म्हणते, पण माझ्यासाठी वेगळी हाक कधी निघायचीच नाही. बाबा उठले की त्यांच्या मागोमाग मी. पोरगी बापाच्या हाकेवर जेवते, असं लंबूकाका चिडवायचे.

बाबा गेले ते सकाळी, झोपेतच. आई रडली नाही. आलेल्या बायका म्हणाल्या, तिला रडवा, नाहीतर छातीत राहील. ती रडली नाही की 'गेले' हा शब्दही बोलली नाही. "त्यांना बरं नव्हतं" म्हणायची, आणि पुढचं वाक्य गिळायची. पाचव्या दिवशी मी खाली दुकान उघडलं. एक वाजला. रिकाम्या स्टुलामागची पेटी बोलली, "अहो, जेवायला चला. गार होतंय."

माझ्या हातातून सोल्डरची कांडी पडली.

आईला वेड लागलं नव्हतं, स्पष्ट सांगते. मी वर गेले तर ताटं दोनच होती, तिचं आणि माझं. तिला सगळं कळत होतं. पण एक वाजता ती त्यांना बोलवायची, आणि जेवायला मी जायचे. हळूहळू एका वाक्याची चार झाली. आज डोळे तपासून आले. नळवाला पुन्हा फसवून गेला. एकदा पेटी म्हणाली, "तुमची मुलगी हल्ली फार चिडते हो. कालचं वाढलेलं तसंच टाकून उठली." तिला ठाऊक होतं मी खाली बसलेय. तरी ती माझी तक्रार माझ्यादेखत बापाकडे करायची, आणि बाप तर नव्हता. मी काय करायचं? चिडायचं? चिडले तर तेही दुसऱ्या दिवशी पेटीतून येणार.

चौदा महिने हे रोज चाललं.

मग संगीत विद्यालयाने बाबांच्या नावे कार्यक्रम ठरवला. सभागृहात त्यांच्या नावाची पाटी लागणार, आणि लंबूकाका, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, बाबांनी केलेली पहिली गिटार वाजवणार. आईने एका संध्याकाळपुरती ती द्यायला हो म्हटलं. "कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत आण," एवढीच तिची अट.

आदल्या संध्याकाळी तालीम झाली. सभागृह मोठं, स्पीकर माणसाहून उंच. लंबूकाकांनी पहिली तार छेडली आणि बिनमेणाचीने अशी शिट्टी मारली की मागे खुर्च्या लावणारे कान दाबून बाहेर पळाले. आवाज कमी करून पाहिला, जागा बदलून पाहिली, काही उपयोग नाही. विद्यालयाचे एक मास्तर मान हलवत म्हणाले, "म्हणजे लोक म्हणतात ते खरंच. फळीवाल्यांच्या गिटारी शिट्ट्याच मारायच्या. खरी गिटार पुढे कारखान्यांनीच केली."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

बाहेर आल्यावर लंबूकाका म्हणाले, "ठमे, माझ्या गिटारींना तुझ्या बापाने मेण पाजून दिलं. हिलाच का नाही पाजलं?"

"राहून गेलं," मी म्हटलं.

"मग आता पाज की. एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे."

"काका, मेण एका संध्याकाळपुरतं पाजता येत नाही. आत गेलं की गेलं."

काकांनी गिटार माझ्या हातात दिली. "मग तूच ठरव. मी शिट्टीसकट वाजवीन. लोक हसले तर हसले."

लोक हसलेले मला चालणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दातांच्या डॉक्टरांकडे गेली, ती दुपार टळल्यावरच येणार होती. मी शेगडी पेटवली, मेण वितळवलं, गिटारच्या तारा सैल करून कॉइल बाहेर काढली. पन्नास वर्षांपूर्वी आईने गुंडाळलेली तार, इतकी सारखी की आजचं यंत्रसुद्धा लाजेल. दोऱ्याला बांधून सोडली. बुडबुडे आले. सुरुवातीला भरभर, मग एकेक. नेहमी पाच-सात मिनिटांत थांबतात. हिचे वीस मिनिटं येत राहिले. तिला काय बोलायचंय ते बोलून घेऊ दे. मी दोरा धरून उभी राहिले.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की मी विसरले. आईचं एक वाजताचं बोलणं त्या घाईत डोक्यात आलंच नाही, रोजची गोष्ट, कानाआड झाली. लंबूकाकांना सांगितलं, आईलाही तेच सांगितलं. खोटं आहे. त्या वीस मिनिटांत मला दुसरं काही आठवतच नव्हतं. बाबांच्या नावासाठी पाजतेय हे खरं होतं, आणि उद्यापासून ती पेटी गप्प बसेल हेही मला नीट माहीत होतं. मला ती गप्प बसायला हवी होती. रोज दुपारी माझ्या बापाला माझ्यासमोर बोलावलं जायचं आणि तो यायचा नाही, हे मला आता सोसवत नव्हतं. एवढंच आहे ते.

संध्याकाळी बिनमेणाची अशी वाजली की काय सांगू. स्वच्छ, शिट्टीचं नाव नाही. लंबूकाकांची बोटं वाकडी झालीयत, तरी लोक उभे राहिले. ते मास्तर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "शब्द मागे घेतो." बाबांच्या नावाची पाटी पितळेची होती आणि नाव बरोबर लिहिलं होतं. आई पहिल्या रांगेत होती. येताना रिक्षात मी विचारलं, "कशी वाजली?"

"चांगली वाजली," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "फार शहाण्यासारखी वाजली."

दुसऱ्या दिवशी गिटार खुंटीला लटकवली, वायर जोडली आणि मी खाली जाऊन बसले. एका दांड्यावर कानस चालवत होते. एक वाजला. पेटीचा दिवा लागलेला होता. पेटी काही बोलली नाही. फरशीतून आईचा खरा आवाज आला, बारीक, म्हातारा, जो मी कितीतरी वर्षांत त्या वेळेला ऐकलाच नव्हता. "अहो, जेवायला चला. गार होतंय." मग पुन्हा, जरा मोठ्याने. मग तिसऱ्यांदा नुसतं, "अहो?"

मी कानस खाली ठेवली आणि वर गेले.

ती गिटारच्या कॉइलवर नखाने टिचक्या मारत होती. मेण लागलंय की नाही, याची परीक्षा तिला माहीत होती, खालच्या कॉइली तीच तर वर्षानुवर्षं तपासायची. मग ती वाकली आणि तिने वास घेतला.

"मेण पाजलंस?"

"विसरले गं आई. शिट्टी मारत होती, आणि मी..."

तिने पुढचं ऐकलं नाही. गिटारच्या फळीवर हात ठेवून उभी राहिली, डाव्या मनगटावरचा तो जुना पांढरा डाग माझ्यासमोर. मग खुर्ची न बघताच खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "गेले गं."

चौदा महिन्यांपूर्वी जे रडायचं राहिलं होतं, ते ती त्या दुपारी रडली. मी तिला धरून बसले. तिचं अंग इतकं हलकं झालंय हे मला माहीतच नव्हतं. शेजारची बाई दाराशी येऊन विचारून गेली, काय झालं, कोण गेलं? मी सांगितलं, बाबा. ती माझ्याकडे खुळ्यासारखी बघत परत गेली.

त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, "आई, ती कॉइल उलगडते. नवी तार आणते. तू यंत्रावर बस, मी मोजते, शंभराला रेघ मारते. मेण नाही पाजायचं."

तिने आपली बोटं माझ्यापुढे धरली. ती थरथरत होती. "माझ्याने आता तार तुटेल," म्हणाली. "आणि त्यांचे हात लागलेत तिला. उलगडू नकोस. असू दे तशीच."

पुढच्या दिवशी एक वाजला. पेटी मी बंद करून ठेवली होती. सव्वा झाला, दीड झाला. मी हातात काम धरून बसले होते, काम काही होत नव्हतं. शेवटी वर गेले. आई ताटं झाकून खिडकीशी बसली होती, स्वतःही जेवली नव्हती.

"आई, बोलावलं का नाहीस?"

"कशातून बोलावू?" ती म्हणाली.

"अगं, मी खालीच असते. माझे कान धड आहेत. नुसती हाक मारली तरी येईन."

तिने ताटांवरचं झाकण काढलं. "तुला वेगळी हाक मारायची सवयच नाही राहिली गं, ठमे," म्हणाली.

आम्ही गार जेवलो.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम करवत लावली नाही, रेडिओ लावला नाही. एक वाजून पाच मिनिटांनी वर दार उघडल्याचा आवाज आला. मग जिन्याच्या कठड्याला धरून तिचे पाय, एक पायरी, दुसरी पायरी. ती तिथेच थांबली. दम घेतला. तिने बाबांच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, जेवायला च..." ती म्हणाली आणि थांबली.

मी मान वर केली नाही. वर केली असती तर मलाच रडू आलं असतं. मी वाट बघत राहिले.

"ठमे," आई म्हणाली, "जेवायला चल."

'चला'तला एक काना तेवढा गेला. मी हातातलं काम ठेवून उठले. तिला दुसरी हाक मारायला लावली नाही.